साताऱ्याचे सिव्हिल सर्जन आणि अंगठ्याचे नख

वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला गेलेल्या मुलामुलींची एका जाडजूड पुस्तकाशी लगेच ओळख होते. शरीररचनाशास्त्राचे ते पुस्तक जगभर ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या नावाने प्रसिद्ध आहे. आम्ही शिकत होतो तेव्हा ते विकत घेण्याची ऐपत फार थोड्यांची होती. वाचनालयातली प्रत हातोहात फिरून तिच्या कडा काळ्या पडल्या होत्या. ग्रे हे नाव त्यामुळे कायमचे डोक्यात बसले. पण त्या पुस्तकातली चित्रे ज्यांनी काढली ते डॉक्टर वेगळेच होते. त्यांनी आपली सगळी नोकरी मुंबई इलाख्यात केली आणि त्यातली नऊ वर्षे ते साताऱ्याचे सिव्हिल सर्जन होते, हे मला सरकारी नोकरीत लागून बरीच वर्षे झाल्यावर कळले. त्यांचे नाव हेन्री व्हॅनडाइक कार्टर.

आज त्यांची आठवण काढण्याचे निमित्त अगदी साधे आहे. पाऊस सरला की आमच्या ओपीडीत पायाच्या अंगठ्याचे पिवळे, जाड झालेले नख दाखवायला बरीच माणसे येतात. बहुतेकांनी निदान घरीच केलेले असते. नखाला बुरशी लागली आहे, फक्त गोळ्या लिहून हव्या असतात. अशा वेळी मला कार्टर आठवतात, कारण आपल्या देशात पायातली बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिचे चित्र काढणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी ते एक. आणि पुढे त्याच बुरशीने त्यांना चकवलेही.

कार्टर यांचा जन्म २२ मे १८३१ रोजी इंग्लंडमधल्या हल या बंदराच्या गावी झाला. बालपण गेले तिथून जवळच समुद्रकाठच्या स्कारबरोत. वडील जलरंगात काम करणारे चित्रकार होते. मुलाच्या नावात त्यांनी व्हॅन डाइक या जुन्या, नामांकित चित्रकाराचे नाव घातले. मुलगा मात्र डॉक्टर व्हायला लंडनला सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये गेला. पण हात घराण्याचाच होता. पुढे त्यांना रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये शिष्यवृत्ती मिळाली. तिथे जॉन क्वेकेट यांच्याकडे ते सूक्ष्मदर्शक वापरायला शिकले. त्या काळात सूक्ष्मदर्शक हे बऱ्याच डॉक्टरांच्या लेखी हौशी लोकांचे खेळणे होते.

सेंट जॉर्जेसमध्येच हेन्री ग्रे हे तरुण, महत्त्वाकांक्षी सर्जन होते. विद्यार्थ्यांसाठी शरीररचनेचे नवे पुस्तक काढायचे त्यांनी ठरवले आणि चित्रांचे काम कार्टर यांच्याकडे आले. साधारण दीड वर्ष दोघे मिळून शवविच्छेदन करत. ग्रे लिहीत आणि कार्टर काढत. ठसा छापल्यावर चित्र सुलट उमटावे म्हणून लाकडी ठोकळ्यावर ते उलटे काढावे लागे. अशी ३६३ चित्रे त्यांनी काढली. त्यांची एक युक्ती आम्हा विद्यार्थ्यांच्या फार उपयोगी पडली. चित्रातल्या नसेचे किंवा स्नायूचे नाव त्यांनी बाजूला आकडा देऊन तळटीपेत टाकले नाही, तर त्या नसेच्या अंगावरच लिहिले. डोळा जिथे आहे तिथेच नाव दिसते.

१८५८ मध्ये पुस्तक आले आणि खपले. ग्रे यांना दर हजार प्रतींमागे १५० पौंड मिळायचे होते, तर कार्टर यांना एकदाच १५० पौंड. मुखपृष्ठाच्या कच्च्या छपाईत दोघांची नावे सारख्या आकारात होती. ग्रे यांनी ती पाहून कार्टर यांचे नाव बारीक करायला सांगितले. तीन वर्षांनी ग्रे देवीच्या रोगाने गेले, तेव्हा त्यांचे वय जेमतेम चौतीस होते. पुस्तकाच्या आवृत्त्या मात्र आजही निघतात, त्याही ग्रे यांच्याच नावाने. कार्टर यांच्या रोजनिशीत स्वतःवरच्या अविश्वासाच्या नोंदी जागोजाग आहेत. अशा स्वभावाच्या माणसाने या अन्यायाबद्दल कुठे भांडण केले असेल असे मला तरी वाटत नाही.

पुस्तक बाजारात येण्याआधीच ते मुंबईला पोचले होते. १८५८ च्या मार्चमध्ये ते भारतीय वैद्यकीय सेवेतून आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागले. शेजारीच जे. जे. रुग्णालय. तिथे त्यांना असे पाय दिसले, जे लंडनमध्ये कधी पाहायला मिळाले नव्हते.

हे पाय शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे होते. पाऊल सुजून बेढब झालेले, वर जागोजाग छिद्रे, त्या छिद्रांतून पाण्यासारखा स्राव आणि त्यात बारीक दाणे. काहींच्या पायातून बंदुकीच्या दारूसारखे काळे दाणे येत, तर काहींच्या पायातून खसखशीसारखे फिके. दुखणे कमी आणि वर्षानुवर्षे चालणारे. शेवटी हाडे पोखरली जात आणि पाय कापण्याशिवाय उपाय उरत नसे. सुश्रुतसंहितेत ‘वल्मीक’ म्हणजे वारूळ या नावाने असल्याच एका आजाराचे वर्णन येते. १८४०च्या दशकात मदुराईच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तो पाहिला आणि त्याला गावाचे नाव चिकटले, मदुरा फूट. तो कशाने होतो हे कोणालाच माहीत नव्हते.

कापलेले पाय टाकून देण्याऐवजी कार्टर ते टेबलावर घेत. उभे चिरून आतली हाडे, पोकळ्या, दाण्यांचे पुंजके जसेच्या तसे कागदावर उतरवत. मग दाणा फोडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत. काळ्या दाण्यात त्यांना दोऱ्यांचे जाळे दिसले, फांद्या फुटलेले, पेरापेरांचे. ती बुरशी होती. १८६० साली मुंबईच्या वैद्यकीय सोसायटीच्या अंकात त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि रोगाला ‘मायसेटोमा’ म्हणजे बुरशीची गाठ असे नाव दिले. जंतूंमुळे रोग होतात हे अजून युरोपातही सर्वमान्य झाले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट आहे. आज आपण जाणतो की ही बुरशी मातीत असते आणि काटा टोचला, पायाला चीर पडली की आत शिरते. मराठवाड्यात बांधावरच्या बाभळी आणि अनवाणी पाय यांची जोडी कोणाला सांगायला नको.

चकवा इथून पुढचा. जपून ठेवलेल्या एका नमुन्यावर काही काळाने लालसर बुरशी उगवली. कार्टर यांना वाटले, हीच ती. त्यांनी ती इंग्लंडला माइल्स बर्कले यांच्याकडे पाठवली. बटाट्याच्या करप्यामागे बुरशी आहे असे ठामपणे मांडणारे हे पाद्री बुरशीशास्त्रातले मोठे नाव होते. त्यांनी नव्या बुरशीला कार्टर यांचेच नाव देऊन टाकले. पण ती लाल बुरशी रोगाची नव्हतीच. हवेतून येऊन नमुन्यावर पडलेली, भाकरीवर येते तशी उपरी बुरशी होती ती. १८७५ साली कलकत्त्याच्या टिमोथी लुईस आणि डेव्हिड कनिंगहॅम या दोन डॉक्टरांनी या सगळ्या बुरशीच्या कल्पनेवरच शंका घेतली. दाण्यातले दोरे कार्टर यांनी खरेच पाहिले होते. पण जे उगवले ते वेगळे होते, आणि त्या एका गफलतीने त्यांचे खरे निरीक्षणही कित्येक वर्षे संशयात अडकले.

नखाच्या बाबतीत आमच्याकडे नेमका हाच घोटाळा होत राहतो, म्हणून इथे थोडे थांबतो.

नखाची बुरशी बहुधा पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांतून येते. चिखल्या अंगावर काढल्या की तीच बुरशी नखाच्या पुढच्या कडेखाली सरकते. नख केराटिन नावाच्या प्रथिनाचे असते आणि तेच तिचे अन्न. नख कडेने पिवळट-पांढरे होते, खालून भुसा जमतो, मग ते जाड होऊन उचलले जाते आणि ठिसूळ होते. कार्टर यांचा रोग अनवाणी पायांचा होता, हा बंद बुटांचा आहे. दिवसभर बूट-मोजे घालणारे पोलीस, सुरक्षारक्षक, गमबूट घालून शेतात फवारणी करणारे यांच्यात तो जास्त दिसतो. वय वाढले, साखर असली, पायाचा रक्तपुरवठा कमी असला की धोका आणखी वाढतो. सतत पाण्यात हात असणाऱ्या बायकांच्या बोटांना नखुरडे होऊन नख खराब होते, ते प्रकरण थोडे वेगळे. तिथे हात कोरडे ठेवणे हाच निम्मा इलाज.

पण पिवळे, जाड नख म्हणजे बुरशी, असे समीकरण नाही. बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्याच नखांत बुरशी सापडते. उरलेल्यांत सोरायसिस असतो, लायकेन प्लेनस असतो, बुटाचा सततचा दाब असतो, जुना मार असतो. क्वचित नखाखालचा काळा पट्टा कर्करोगाचाही निघतो. एकाच नखावर नवा काळा पट्टा दिसला आणि तो रुंदावत असेल तर त्याला बुरशी समजून वाट पाहू नये.

माझ्या हातून झालेली चूक सांगतो. नव्वदच्या दशकात, नोकरीच्या सुरुवातीला, हळद पिकवणारे एक शेतकरी माझ्याकडे आले. दहाही बोटांची नखे पिवळी, खडबडीत. हळद शिजवून, घोळून नखे पिवळी होतातच. त्यातली पिवळाई कोणती हळदीची आणि कोणती रोगाची हे मी पाहिलेच नाही. बुरशी म्हणून ग्रिसिओफल्विन सुरू केले. त्या काळात तेच औषध होते आणि महिनोन्महिने घ्यावे लागे. नऊ महिने ते एसटीने येत राहिले, पैसे मोडत राहिले. दहाव्या महिन्यात रजेवर असलेल्या माझ्या जागी एका ज्येष्ठ डॉक्टरांनी त्यांना तपासले. त्यांनी आधी सदऱ्याची बाही वर करायला लावली. कोपरावर सोरायसिसचा जाड, रुपेरी खवल्यांचा चट्टा होता. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते, तेही मी नीट पाहिले नव्हते. नऊ महिन्यांत मी एकदाही बाही वर करायला सांगितली नव्हती.

तपासणी काही अवघड नाही. नखाचा तुकडा आणि त्याखालचा भुसा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात. केराटिन विरघळत आले की सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे दोरे दिसतात. कार्टर यांनी दाण्यात पाहिले होते तसेच पेरापेरांचे. नख जाड असल्याने त्वचेपेक्षा वेळ जास्त लागतो, घाई केली तर काही दिसत नाही. नमुना घ्यायचा तो नखाच्या टोकाचा नव्हे, तर निरोगी भागाच्या जितका जवळ जाता येईल तिथला. टोकाला बुरशी बहुधा मेलेली असते. येताना नेलपॉलिश किंवा मेंदी लावून येऊ नये. बुरशीचे मलम किंवा गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगावे, कारण औषध चालू असताना तपासणी खोटी स्वच्छ येऊ शकते.

दुसरी तपासणी म्हणजे कल्चर. साबुरो नावाच्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माध्यमावर नमुना लावतात आणि चार आठवडे वाट पाहतात. इथेच कार्टर यांची लाल बुरशी पुन्हा भेटते. पायाचे नख म्हणजे मातीत वावरणारी वस्तू. तिच्यावर हवेतल्या, मातीतल्या कितीतरी बुरशा नुसत्या बसलेल्या असतात आणि बाटलीत त्या झपाट्याने उगवतात. म्हणून माध्यमात त्यांना रोखणारी औषधे घालतात. तरीही काहीतरी हिरवे-काळे उगवलेच, तर सूक्ष्मदर्शकाखाली दोरे दिसले होते का, हे आधी पाहायचे. पुन्हा घेतलेल्या नमुन्यातही तेच आले का, हे नंतर. नुसता कल्चरचा कागद हातात घेऊन गोळ्या मागायला येणाऱ्यांना आम्ही परत तपासतो, त्याचे कारण हे आहे.

बुरशी पक्की झाली तर इलाज आहे आणि तो चांगला आहे. टर्बिनाफिनची २५० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, हाताच्या नखांसाठी सहा आठवडे आणि पायाच्या नखांसाठी बारा आठवडे. सुरू करण्याआधी यकृताची रक्ततपासणी करावी. दारू नियमित घेणाऱ्यांनी आणि कावीळ होऊन गेलेल्यांनी हे लपवू नये. इट्राकोनॅझोल हा दुसरा पर्याय, पण हृदय कमजोर असलेल्यांना तो चालत नाही आणि इतर बऱ्याच गोळ्यांशी त्याचे जमत नाही. नखाचा थोडाच भाग बाधित असेल तर अ‍ॅमोरोल्फिनसारखे नखाला लावायचे औषध पुरू शकते, पण चिकाटी महिन्यांची लागते. गरोदर स्त्रियांनी गोळ्यांची घाई करू नये, नख थांबू शकते. लिंबू, लसूण, व्हिनेगर नखाच्या तळापर्यंत पोचत नाही. मधुमेह असलेल्यांनी तर घरी ब्लेडने नख तासायला जाऊच नये. एक छोटी जखम पुढे किती वाढते, ते आमच्या वॉर्डात रोज पाहतो.

एक गोष्ट रुग्णांना मी दोनदा सांगतो. गोळ्या संपल्या त्या दिवशी नख चांगले दिसणार नाही. पायाचे नख महिन्याला दीड मिलिमीटरही वाढत नाही, पूर्ण नवे यायला वर्ष-दीड वर्ष लागते. मुळाशी स्वच्छ नखाची पट्टी पुढे सरकू लागली म्हणजे औषध लागू पडले. टर्बिनाफिनने दहापैकी साधारण सात जणांची पायाच्या नखाची बुरशी जाते. नख अगदी पूर्वीसारखे होणाऱ्यांची संख्या त्याहून कमी असते आणि चिखल्या सांभाळल्या नाहीत तर बुरशी परत येते. दुकानातून आणलेली स्टेरॉइड मिसळलेली मलमे गजकर्णावर चोळण्याची आपल्याकडे जी सवय लागली आहे, तिने प्रकरण आणखी बिघडले आहे. त्वचेवरच्या काही बुरशांना आता टर्बिनाफिन पूर्वीसारखे लागू पडत नाही.

तर कार्टर. १८६३ मध्ये त्यांची साताऱ्याला बदली झाली आणि ते तिथे १८७२ पर्यंत होते. मुंबईतली पहिली काही वर्षे घरगुती दुःखात गेली होती, लग्न सुखाचे ठरले नव्हते. साताऱ्यात ते कामात बुडाले. कुष्ठरोग्यांच्या बधिर झालेल्या नसा कापून त्यांनी तशाच तपशिलाने चित्रे काढली. १८७३ मध्ये रजेवर असताना ते नॉर्वेला कुष्ठरोगाचा अभ्यास करायला गेले. त्याच वर्षी तिथे हॅन्सन यांना कुष्ठरोगाचा जंतू दिसला. मायसेटोमावरचा त्यांचा सचित्र ग्रंथ १८७४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला.

परत आले तो मोठ्या दुष्काळाचा काळ. १८७७ मध्ये दख्खनमधून उपाशी माणसांचे लोंढे मुंबईत शिरले आणि त्यांच्यात उलटून येणाऱ्या तापाची साथ पसरली. कार्टर यांनी रुग्णांच्या रक्तात मळसूत्रासारखे वळवळणारे जंतू शोधले. कामाच्या ओघात तो ताप त्यांनाही झाला. बरे होऊन ते पुन्हा कामाला लागले आणि १८८२ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्रभारी प्राचार्यपदही त्यांनी सांभाळले. १८८८ मध्ये निवृत्त होऊन ते स्कारबरोला गेले, दुसरे लग्न केले, मुले झाली. ४ मे १८९७ रोजी क्षयाने त्यांचा मृत्यू झाला.

काळ्या दाण्याची खरी बुरशी प्रयोगशाळेत वेगळी काढली गेली ती त्यानंतर काही वर्षांनी. १९०५ मध्ये तिला मदुरेला हे नाव मिळाले. ती लाल नव्हती. फिक्या दाण्यांच्या बाबतीत तर आणखी एक गंमत निघाली. त्यातले बरेचसे बुरशीचे नसून जिवाणूंचे असतात आणि त्यांना बुरशीची औषधे चालत नाहीत, प्रतिजैविके लागतात. कार्टर यांनी दाण्यांचे काळे आणि फिके असे दोन गट चित्रांत आधीच वेगळे ठेवले होते. नाव मात्र दोघांना बुरशीचेच दिले, आणि तेच आजवर चालू आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये या आजाराला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतले.

अशा पायाचा रुग्ण अजूनही क्वचित येतो. काटा टोचल्याचे त्याला आठवतही नसते, गाठ चार-पाच वर्षांची असते. त्याला आम्ही छिद्रावर स्वच्छ गॉज बांधून रात्रभर ठेवायला सांगतो. सकाळी तो गॉज घडी करून डबीत आणतो आणि आम्ही खिडकीच्या उजेडात तो उघडून दाण्यांचा रंग पाहतो.